ठिणग्यांची तक्रार

प्रिय सिरानुश,

देव तुझं भलं करो. सकाळपासून मसूर निवडतेय. निवडलेलेच पुन्हा निवडले, आता मात्र लिहायलाच हवं. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस, तुझ्या भट्टीपुढे तहिनीच्या, तिळाच्या गोड रोट्यांसाठी रांग असेल. मी यंदा चर्चला मागच्या गल्लीनं जाते, तुझं दुकान टाळून.

आमच्या इमारतीचे हिशेब मी बघते, म्हणून वकिलांचे कागदही माझ्याच टेबलावर येतात. मी बैरूतच्या शाळेपुरती शिकलेली. इथलं वकिली इंग्रजी बोट ठेवून वाचते. माझ्या नवऱ्यानं, होवसेपनं, तुझ्यावर लावलेल्या दाव्यात लिहिलंय, की भाडेकरूनं विजेच्या बोर्डाबद्दल नगरपालिकेत खोटी तक्रार केली आणि इमारत विकायचा सौदा मोडला. जेवताना मला म्हणतो, भाडं द्यावं, पीठ मळावं, तोंड मिटावं. एवढं जमू नये तुझ्या मैत्रिणीला? मी पिलाफ वाढत राहिले. मग तुझा अर्ज आला. अँटी-स्लॅप म्हणतात म्हणे त्याला: सरकारदरबारी तक्रार केली म्हणून तोंड दाबायला दावा लावला असेल, तर तो सुरुवातीलाच काढून टाका. होवसेप हसला. तपासनीस यायच्या आत बोर्ड बदललाय, म्हणाला, आता खरं-खोटं कोण सांगणार? दावा चालला तर वकिलांची बिलं भरता भरता तुझी भट्टी विझेल, हे त्यालाही ठाऊक आहे.

त्या दिवशी तुझ्या दुकानातल्या बोर्डातून ठिणग्या उडाल्या तेव्हा पिठाच्या पोत्याआड आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, आरुस, फुकटची आतषबाजी. भाड्यात धरलीय का तुझ्या नवऱ्यानं? मला हसू आलं नाही. तू नगरपालिकेत जा, मी म्हटलं, माझं तो ऐकत नाही, त्यांचं ऐकेल. माझं नाव तेवढं घेऊ नकोस. तू घेतलं नाहीस. अर्जासोबतचं तुझं शपथपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यात मी कुठेच नाही.

आणि रविवारी प्रार्थनेत शांतीच्या अभिवादनाला तू वळलीस, माझ्या गालाशी वाकलीस, ख्रिस्त आपल्यात प्रकटला म्हणालीस. धन्य तो, असं उत्तर देऊन मी ते अभिवादन शेजारणीला द्यायचं. मी वळलेच नाही. शेजारच्या वेर्जिनआजी कुजबुजल्या, अगं पुढे दे की, देवाची शांती काय एकटीच ठेवून घेणार? मी मान वर केली नाही. तू पाहत होतीस की नाही, तेही मला ठाऊक नाही.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत कुणाची साक्ष-तपासणी होत नाही म्हणे. म्हणजे मला कुणी विचारणारच नव्हतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. तेच मला सोसवेना. काल तुझ्या वकिलाकडे जाऊन शपथेवर सही करून आले: ठिणग्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, तक्रारीला सिरानुशला मीच धाडलं. नवरा-बायकोतलं बोलणं सांगू नका, पाहिलेलं सांगा, असं ते म्हणाले. तू हो म्हटल्यावरच ते सुनावणीआधी दाखल करतील. तुला मी ओळखते; आरुसचा संसार मोडेल म्हणून नको म्हणशील. ते म्हणू नयेस म्हणून हे पत्र. होवसेपला मी आत्ताच सांगितलं. तो बाहेरच्या खोलीत बसून दाव्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.

तुझीच,
आरुस