क्लिअरन्सचा कागद

बाबा,

तुमच्या शोकेसने माझा अख्खा रविवार घेतला. आईला मी पुण्याला माझ्याकडे नेते आहे, लखनौचं हे तेलीबागेतलं घर विकायचं ठरलंय, आणि बाकी सगळं चार दिवसांत आवरलं तरी ही एक काचेची पेटी काही आवरत नाही. युनिटच्या ढाली, कुठल्याशा कर्नलसाहेबांनी दिलेलं पितळी घड्याळ, आणि मधोमध, लाल मखमलीच्या तुकड्यावर, ते ॲल्युमिनियमचं बोट. यंत्राच्या हाताचं तुटलेलं बोट. दर दसऱ्याला तुम्ही लावलेलं कुंकू त्यावर इतकं साचलंय की धातू नीट दिसतसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून या बोटापाशी आले की चिडते. आई म्हणाली, एवढा त्रास होतो तर टाकून दे की. टाकवत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

हे बोट घरात आलं त्या वर्षी आपण छावणीतल्या क्वार्टरमध्ये होतो. तुम्ही गाड्यांच्या वर्कशॉपात सुभेदार, मी लखनौच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं की उन्हाळ्याचे तीन महिने आमच्या रोबोटच्या प्रयोगशाळेत काम करायला या. अख्ख्या कॉलेजातून मी एकटी. तुम्ही ते पत्र आधी उभ्याने वाचलंत, मग बसून, मग चष्मा पुसून. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवाल. तुम्ही विचारलंत, मूव्हमेंट ऑर्डर कुठाय? पुढचे आठ दिवस मी तुम्हाला समजावत होते की ही बदली नाही. आणि तुम्ही काय केलंत, तर वर्कशॉपातल्या क्लार्ककडून माझ्यासाठी क्लिअरन्सचा कागद टाइप करून आणलात. फौजेत युनिट सोडताना स्टोअर, मेस, लायब्ररी असं सगळीकडे फिरून सही घ्यायची असते, की या माणसाकडे आमचं काही बाकी नाही. तसाच कागद, इंग्रजीत, रकाने आखून: नाव, सही, पत्ता. परदेशातल्या प्रोफेसरांपुढे मी हा धरायचा. मी चिडले की हिंदीवर जायची, तशी गेले. "बाबा, वहाँ ये सब नहीं होता." तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "माणूस कुठनंबी निघाला तरी साफ निघावा."

दुसरं भांडण टिळ्याचं. तुमच्या वर्कशॉपात नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू, पुढे नारळ आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हे ठरलेलं. तुमचं म्हणणं, यंत्राला कळत नाही आपण कोण ते, म्हणून पहिल्यांदा चालवण्याआधी त्याला नमस्कार करून ओळख करून द्यावी. रोबोट झाला म्हणून काय झालं. मी म्हटलं, त्या देशात स्वस्तिक काढलं तर मला दुसऱ्या दिवशी परत पाठवतील, आणि कारणही सांगितलं. त्यावर तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, बरं, मग नुसता टिळा. वाद मिटला असं मी समजले. पण चारबाग स्टेशनात दिल्लीची गाडी हलली तेव्हा तुम्ही प्लॅटफॉर्मवरून चालत चालत खिडकीतून एक डबी माझ्या हातात कोंबलीत. कॅमेऱ्याच्या रोलची काळी प्लास्टिकची डबी, आत आईच्या देवघरातलं कुंकू. डब्यातले सगळे माझ्याकडे बघत होते.

या सगळ्याच्याही आधीची एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मी आठवीत होते आणि एका रविवारी तुम्ही मला वर्कशॉपात नेलं होतंत. बाकावर उघडून ठेवलेल्या कार्बोरेटरची एक बारीक स्प्रिंग मी खेळायला घेतली आणि फ्रॉकच्या खिशात टाकून विसरले. आठवली तेव्हा शोधाशोध सुरू झाली होती. एक जवान उन्हात गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपतोय, दुसरे त्याला बोलतायत, आणि मी खिशात हात घालून उभी आहे. घरी आईला ती स्प्रिंग धुण्यात सापडली. तुम्ही मारलं नाहीत. सोमवारी पहाटे मला उठवलंत, शाळेच्या गणवेशात त्या जवानासमोर उभं केलंत आणि म्हणालात, सांग. मी सांगितलं. तो बिचारा "कोई बात नहीं, बिटिया" म्हणत माझ्यापेक्षा जास्त अवघडला. परतताना सायकलवर तुम्ही एकच वाक्य बोललात, "चूक झाली तर परेडच्या आधी सांगायची. परेड झाल्यावर ती दुसऱ्याची होते." मला ते पाठ आहे. पाठ असून काय झालं ते आता ऐका.

जर्मनीतल्या त्या खोलीत टेबलावर एक यांत्रिक हात होता आणि वर छताला कॅमेरा. हाताच्या मनगटाला लाल स्टिकर लावलं होतं. कॅमेऱ्याने लाल ठिपका शोधायचा, त्यावरून हात कुठे आहे ते ठरवायचं आणि हाताने समोरचा पेला उचलायचा. हा प्रोग्रॅम लिहिला होता पीएचडी करणाऱ्या एका मुलाने. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, लाजरा, दुपारी स्वतःचा पाव अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवणारा. त्यानेच मला पहिल्या आठवड्यात हे लाल ठिपक्याचं सगळं समजावून सांगितलं होतं. आणि तुम्ही दर रविवारी पीसीओवर रांग लावून फोन करायचात आणि तब्येतीच्या आधी विचारायचात, टिळा लावलास का? तीन रविवार मी टाळलं. मग ज्या दिवशी हात पहिल्यांदा पूर्ण वेगाने चालवायचा होता, त्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी त्याच्या बैठकीवर, जिथे तो टेबलाला जोडला होता तिथे, ठसठशीत टिळा लावला. श्रद्धा वगैरे काही नाही. एकदाची तुमची विचारपूस थांबावी म्हणून.

हात सुरू झाला. कॅमेऱ्याला दोन लाल ठिपके दिसले आणि त्याने मोठा पकडला. हाताला वाटलं आपलं मनगट बैठकीवर आहे, ते दुरुस्त करायला तो गर्रकन वळला आणि लोखंडी चौकटीवर आपटला. एक बोट तुटून माझ्या पायाशी आलं. मला त्याच क्षणी कळलं, बाबा. सगळे स्क्रीनपाशी धावले आणि मी ओढणीच्या टोकाने टिळा पुसून टाकला. ओढणी लालच होती.

त्यानंतर तो प्रोग्रॅम कधीच चुकला नाही, आणि तेच वाईट झालं. एकदाच घडलेली चूक, पुन्हा घडेना, त्यामुळे सापडेना. प्रोफेसरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की असं बेभरवशाचं काम पाहुण्यांना दाखवता येणार नाही. प्रात्यक्षिक पुढे ढकललं गेलं, त्याचा शोधनिबंध राहिला. तो रोज सकाळी ओळ न् ओळ तपासायचा. एकदा पाव मोडता मोडता त्याने विचारलं, "तू जवळ उभी होतीस. तुला काही दिसलं होतं का?" मी म्हटलं, नाही. शेवटी त्याने सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून पुन्हा लिहिला. माझे उरलेले पाच आठवडे त्यातच गेले, मी त्याला मदत करत होते. तो मला म्हणायचा की तू फार मेहनती आहेस.

निघायच्या दिवशी तुमचा कागद मी बाहेर काढला, कारण नाही काढला तर चारबागलाच चौकशी होणार. प्रोफेसर हसले आणि सही केली. लायब्ररीच्या बाईंनी शिक्कासुद्धा मारला. त्या मुलाने मात्र कागद नीट वाचला. म्हणाला, ही पद्धत चांगली आहे, आणि सावकाश सही केली, की माझ्याकडे त्याचं काही बाकी नाही. मग आठवण म्हणून ते तुटलेलं बोट रुमालात बांधून दिलं.

इथून पुढचा राग तुमच्यावर. बोट बघून तुम्ही विचारलंत हे कसं तुटलं, आणि मी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं, की हात आपटला पण कुणाला लागलं नाही. टिळा लावला होतास ना? लावला होता. झालं. पुढची कितीतरी वर्षं, छावणीत आणि मग तेलीबागेत, दूधवाल्या भैयापासून रिटायर्ड मेजरसाहेबांपर्यंत जो येईल त्याला शोकेसपुढे उभं करून तुम्ही सांगत राहिलात की एवढं मोठं मशीन पिसाळलं, पण टिळ्यामुळे माझ्या पोरीच्या केसाला धक्का लागला नाही. आणि मला हाक मारायचात, सांग गं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. किती वैताग आणलात तुम्ही. एकदा तरी विचारायचं होतंत की ज्याचं मशीन होतं त्याचं काय झालं. स्प्रिंगच्या वेळी माझा खिसा आईने तपासला होता, या वेळी कुणीच तपासला नाही. त्याचाही राग मी तुमच्यावरच काढत आले. टिळा तुमचा होता हे खरं. पुसला मी, आणि नाही म्हणाले तीही मी.

आज बोट उचललं तर मखमलीखाली घडी घातलेला तो कागद निघाला. तुम्ही तो जपून ठेवलात, माझी पोरगी साफ निघाली याचा पुरावा म्हणून. हे पत्र तुम्हाला लिहायला सोपं गेलं, कारण ते कुठे पोचणार नाही. ज्याला जायला हवं त्याला लिहायला घेतलं की पहिल्या ओळीपुढे हात जात नाही, आणि इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की त्याचा पत्ताच माझ्याकडे नाही. तो तुमच्या तिसऱ्या रकान्यात आहे, त्याच्या सहीशेजारी, त्याच्याच हातचा.