घाटावरचे दोन दिवस

खुलना
लिहिलं : ९ जानेवारी
तुमच्या हाती पडेल : २० जानेवारीच्या सुमारास

आदरणीय मतीनभाई,

सलाम. तुम्ही नि भाभी बरे असाल. दिनाजपूरला यंदा थंडी फार म्हणे. छातीला मफलर गुंडाळत जा. ऐकणार नाही हे ठाऊक असूनही लिहिते. एकवीस वर्षांनी हिला कशी आठवण झाली, असं भाभींना म्हणाल. म्हणा, हक्क आहे तुमचा.

मी इस्पितळाच्या खोलीत एकटी आहे. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. गाठ काढली आणि उरलंसुरलं जाळायला परवा किरणोत्सारी आयोडीन प्यायले. आता चार दिवस कुणी जवळ यायचं नाही. लेक दाराबाहेरून ओरडते, "अम्मा, जेवलीस का?" काय जेवणार, कप्पाळ! दोन आठवडे सुकट बंद, रोजचं मीठ बंद. जन्मभर ज्या आयोडीनची तपासणी केली, तेच पोटात घेऊन बसलेय. हसा खुशाल.

हा कागदही माझ्यासारखाच कोंडलेला, लिहून झाला की इथल्या खोक्यात पडणार. किरणं तपासायचं यंत्र गप्प झालं की मगच टपालात पडेल. म्हणून वर दोन तारखा.

औषध येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. परदेशातून यायचं ते आलंच नाही, त्यांची अणुभट्टी दुरुस्तीला बंद. आपण दोघं जिथे होतो त्या आपल्या केंद्रातून निघालं, ते धुक्यामुळे दौलतदियाच्या फेरीबोटीच्या घाटावर दोन दिवस अडकलं. डॉक्टर म्हणाले, "वाटेत जोर उतरून कमी भरलं तर देणार नाही. महिनाभर थांबावं लागेल." रोग फुप्फुसाकडे सरकायला लागलेला, मी महिना कुठून आणू?

डबा आला, मोजला. डोस पुरेपूर! इथल्या टेक्निशियन मुलीला, निगारला, मी विचारलं, "असं कसं गं?"

"आपा, धुक्याच्या दिवसांत केंद्रवाले घाटाचे दोन दिवस धरूनच भरतात. लवकर आलं तर जास्तीचं आम्ही काढून ठेवतो. कुणी मतीन सर होते म्हणे, त्यांचा नियम."

मी प्यायले. ग्लास विसळून ते पाणीही प्यायले. आणि मग खूप रडले, भाई.

केंद्राच्या त्या बैठकीत तपासनीस म्हणून मी काय बोलले होते ते तुम्ही विसरला नसाल. "लेबलवर शंभर, यंत्रावर एकशे एकोणीस. हे औषध आहे की अंदाजपंचे कारभार?" तुम्ही उठलात. "आधी तारीख वाच पोरी, मग आकडा वाच," एवढंच म्हणालात नि चालू पडलात. मला झोंबलं. माझ्या शेऱ्यावर आपलं उत्पादन दीड वर्ष बंद राहिलं.

इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

महिन्याभरातच ती लेबलं पुन्हा माझ्या हाती आली. त्यांवरची तारीख दोन दिवस पुढची होती, माल खुलन्याला पोचायची; शंभर हा त्या दिवशीचा आकडा. आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, हे मी नवीन पोरांना शिकवत होते आणि तारीख मात्र बघितली नव्हती. मी लेबलं गुपचूप फाईलमध्ये ठेवली. नुकतीच बढती मिळाली होती, तोंड उघडलं नाही. तुमच्या निरोपसमारंभाला आजारी म्हणून आले नाही. आजारी नव्हते.

त्या दीड वर्षात इकडची माणसं कशी थांबली असतील, ते मला या दोन दिवसांत कळलं. आणि तुम्ही? काम पुन्हा सुरू झाल्यावर, कुणाला एक शब्द न बोलता, तसंच वाढवून भरत राहिलात. त्याच मापाचं मी प्यायले. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

माझा तो शेरा चुकीचा होता, असं केंद्रालाही लिहिलंय, सहीनिशी. ते पत्रही त्याच खोक्यात आहे.

माफी नि आभार दोन्ही तुमच्याच पद्धतीने भरलेत, अंमळ जास्त. वाटेत कितीही दिवस लागले तरी तुमच्या दारात पुरते पोचावेत.

तुमच्या जादा मापावर जगणारी,
रेहनुमा