न फुटलेलं खोड

आई,

मी बरी आहे. तव्यावरचे केक रोज मिळतात. बोटंही आता काट्यांनी सुजत नाहीत.

हिवाळाभर मालक इद्वालआजोबांबरोबर शेताचं माजलेलं कुंपण नीट केलं. हॉथॉर्न या काटेरी झुडपाचं खोड बुंध्याशी तिरकं कापायचं, पण सालीची पट्टी राखायची आणि ते आडवं वाकवायचं. तेवढ्या सालीवर ते जगतं, वसंतात फुटतं. माझं एक साफ तुटलं. घाबरून मी ते तसंच बाकीच्यांत खोचलं, बोलले नाही. शाळा तर सोडलीच, इथल्या कामावरूनही परत पाठवलं तर तुला काय सांगू?

काल बघितलं तर सगळं कुंपण हिरवं, तेवढंच एक वाळकं. आजोबा नेमके तिथेच थांबले. मी म्हटलं, "ते मी तोडलं."

"जानेवारीपासून माहितेय गं," आजोबा हसले. "म्हटलं बघू, आधी कुंपण फुटतं की ह्या पोरीला वाचा फुटते! पुढच्या हिवाळ्यात त्या जागी रोप लाव. तूच."

म्हणजे पुढच्या हिवाळ्यातही मी इथेच गं.

तुझा खोकला कसा आहे? आपल्या मागच्या कुंपणाला कुणाला छाटणीचं मशीन लावू देऊ नकोस. मी सुट्टीत येऊन करते.

तुझी,
नेस्ट