उलट्या बाजूची शिवण

लाडके चिमे,

बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता व्हायला तू मला बोलावलंस, त्याला तीन आठवडे झाले. मी उत्तर दिलं नाही, कारण रोज प्रार्थनेला बसलं की मनात एकच आवाज यायचा, 'जाऊ नकोस.' खुद्द देवच सांगतोय म्हटल्यावर मी निवांत होते.

काल झग्याची कड उसवली म्हणून फादर दुकानात आले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हा आवाज आणखी काय काय बोलतो?"

"म्हणतो, बहिणीने आईचं शिलाई मशीन न विचारता उचलून नेलं."

"देवाने मशीनचं फारच मनाला लावून घेतलेलं दिसतंय!" ते हसले. "कपडा उलटा करून शिवण बघतेस ना? तसा हा आवाजही एकदा उलटून बघ."

मला इतका राग आला, की त्यांची कड वाकडी गेली. ते गेल्यावर मात्र गुपचूप तो आवाज उलटून बघितला. आतला टाकान् टाका माझ्याच हातचा निघाला गं! एकटीच खो खो हसले. मग पुन्हा प्रार्थना केली. या वेळी मशीनचा विषयच निघाला नाही, नुसतं बाळ डोळ्यांपुढे आलं.

हे पत्र टपालात टाकत नाही, त्याच्याआधी मीच पोचेन. बाळाचं झबलं शिवून झालंय, फक्त गळ्याची पट्टी राहिलीय. ती आईच्या मशीनवरच लावेन. तू त्याला तेल घातलेलं नसणारच, म्हणून बाटली घेऊनच निघालेय.

तुझी ताई