दुसरा फटका

शनिवार, संध्याकाळ

उद्याच्या ट्रायथलॉनचा सायकलचा मार्ग बघून ठेवायला मी आणि माझा नवरा समीर ग्रेटर नोएडाला गेलो होतो. वळणावर मागून आलेल्या गाडीने समीरला घासून पाडलं. गाडीवाला उतरला. मला वाटलं, उठायला हात देईल. त्याने पडलेल्या समीरच्या पोटात लाथ घातली. “सड़क तेरे बाप की है?”

मी सायकलचा पंप ओढून काढला आणि त्याच्या मनगटावर हाणला. काडकन आवाज झाला. तो कळवळत खाली बसला. तिथेच थांबायला हवं होतं. मी पुन्हा मारलं, तोंडावर.

“बस कर, यार! मरेल तो!” समीर ओरडला. मग त्यानेच त्या माणसाला त्याच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. पोलिसांकडे कोणीच गेलं नाही.

पहिला फटका समीरसाठी होता. पण दुसरा? तो माणूस बसला होता, रडत होता, आणि मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगू?

घरी समीरच्या सोललेल्या कोपराला औषध लावायला गेले. त्याने हात झटकन मागे घेतला.

“राहू दे. मी लावतो.”