ढालकिड्यांची खुशाली

प्रिय भिंगरी,

फोन असताना आत्याला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, म्हणून हसशील. हस खुशाल. फोनवर तू विचारतेस बाग कशी आहे, मी म्हणते झकास, तेवढ्यात प्रयोगशाळेतून तुला कुणीतरी हाक मारतं आणि आपलं बोलणं आटपतं. कागद मधेच उठून जात नाही.

आधी तुझ्या लाडक्यांची खुशाली. ढालकिडे मजेत आहेत. पेरूच्या पानांमागे पिठ्या ढेकूण हुडकत हिंडतात, पण बिचाऱ्यांना हल्ली पोटभर मिळत नाही. हीच बाग एकदा या ढेकणांनी अशी पांढरी पडली होती की फळ तोडलं तरी बोटं चिकट व्हायची. मी फवारणीवाल्याला बोलावणार, तर तू पंपच लपवून ठेवलास आणि किड्यांची खोकी घेऊन आलीस. मी पहिल्याच आठवड्यात ढालकिड्यांच्या पांढऱ्या अळ्या ढेकूण समजून चिरडल्या. तू कपाळावर हात मारलास. घरच्याच माणसांवर उठलेली म्हातारी म्हणालीस मला! आठवलं की अजून एकटीच हसते.

तेव्हा दर पंधरवड्याला यायचीस. पानं बघून झाली की चिखलाचे बूट थेट स्वयंपाकघरात आणायचीस, माझी बोलणी खायचीस आणि बस चुकली की राहायचीस. बस चुकावी म्हणून मी चहा मुद्दाम सावकाश करायचे, हे तुला कळलं होतं का गं? मग बाग बरी झाली आणि तुझं येणं थांबलं. तुला दोष नाही देत. रोगी उठून हिंडू लागल्यावर डॉक्टर कशाला घरी येईल? पण आई लेकीला हक्काने बोलावते, आत्याला कारण लागतं.

म्हणून मी एक उद्योग केला. ढेकणांच्या गोड चिकट पाण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून तू मला खोडांना पट्टी बांधून ग्रीस फासायला शिकवलंस. कुंपणालगतच्या झाडाची पट्टी या खेपेला मी सोडून टाकली. मुंग्यांची रांग लागली, बघता बघता फांद्या पांढऱ्या झाल्या. मी रोज सकाळी जाऊन बघायचे आणि मला आनंद व्हायचा. बागवाल्या बाईला कीड बघून आनंद! काल तुला फोन करून सांगितलं, कीड आलीय. तू म्हणालीस, काळजी करू नकोस, पुढच्या आठवड्यात कुरियरने खोकं पाठवते.

फोन ठेवला आणि पायरीवर बसून रडले. मग उठले, पट्टी बांधली, ग्रीस फासलं. त्या झाडाने माझं काय वाकडं केलं होतं? शेजारच्या झाडांवरचे ढालकिडे उपाशीच आहेत, मुंग्या हटल्या की येतील.

तेव्हा खोकं पाठवू नकोस. तेही झाड लवकरच बरं होईल आणि मग इथे तुझ्यासाठी काहीएक काम उरणार नाही. हे फोनवर सांगायला जीभ रेटली नसती, म्हणून लिहिलं. मला करमत नाही गं. नुसती ये.

तुझीच,
आत्या