बिशपाला शपथ नसते

विथर्नेसचा मठ,
पेंटेकॉस्टच्या सणानंतरचा आठवडा

प्रिय कुथा,

तुला लिहिताना 'परमपूज्य बिशप कुथविन' असं लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. पण वडिलांनी आपल्याला या मठाच्या दारात सोडलं तेव्हा माझ्या कमरेची दोरी मुठीत घट्ट धरून, समुद्राच्या आवाजाला घाबरून रडणारा तू माझा धाकटा भाऊ होतास. आज मला बोलायचं आहे ते त्याच्याशी. बिशपाशी बोलायला गेले तर माझ्या तोंडून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही.

तुझा निरोप मिळाला. संत योहानाच्या सणाला तू येणार आणि विनफ्लेडला घेऊन जाणार. तोवर मी तिची समजूत घालावी, तिला सांगावं की बिशपाने शब्द दिलाय, केसालाही धक्का लागणार नाही. कुथा, हा शब्द तू इथे दुसऱ्यांदा देतो आहेस. लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

थोरल्या राजघराण्यातल्या बाल्ड्रेडची ही विधवा ईस्टरनंतरच्या पावसात चिखलातून चालत आमच्याकडे आली. पोट एवढं पुढे आलेलं की वेदीशेजारच्या दगडी आसनावर तिला टेकून बसताच येईना. मग आम्ही पाठीशी लोकरीचा गठ्ठा दिला. त्या दगडावर बसलेल्या माणसाला राजासुद्धा हात लावू शकत नाही. तुझ्या राजाला ती नको आहे, तिच्या पोटातलं हवं आहे. मुलगा झाला तर तो थोरल्या घराण्याचा, गादीवर त्याचा हक्क आधी. जन्माला न आलेल्या लेकराची भीती वाटणारा राजा, आणि त्याचा निरोप घेऊन येणारा माझा भाऊ.

तुला आठवतं, माझ्या आधीच्या मठमाता, थोरल्या माता, आपल्याला लॅटिन शिकवायच्या त्या खोलीत किती गारठा असायचा? शाई गोठायची आणि तू ती काखेत धरून ऊब द्यायचास. एकदा सगळा झगा काळा करून घेतलास आणि मार चुकवायला थेट त्याच दगडावर जाऊन बसलास. थोरल्या माता छडी घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि शेवटी हसत सुटल्या. म्हणाल्या, "बस बाबा. इथे बसलेल्याला मी काय, राजाही हलवू शकत नाही." संध्याकाळी स्वतः भाकरी आणि मध आणून दिला तुला. त्यांनी एकदा आपल्याला सांगितलं होतं, बिशपांना राजसभेत बसवतात ते त्या दालनात राजाला न भिणारा निदान एक तरी माणूस असावा म्हणून. मला वाटायचं, तो माणूस एक दिवस माझा कुथा होणार. तू बिशप झालास तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसमोर रडले होते.

मागच्या पानगळीत बाल्ड्रेड त्याच दगडावर बसला होता. तू आलास, बरोबर राजाचे स्वार. आमच्या भटारखान्यात बसून त्यांनी वाम माशाचं कालवण ओरपलं, वर मीठ कमी आहे म्हणून रांधणाऱ्या भगिनी ऑसगिथला टोमणे मारले. तू बाल्ड्रेडला म्हणालास, गादीवरचा हक्क सोड, डोकं भादरून साधू हो, उत्तरेच्या मठात सुखाने राहशील. तो हसला. तो हसरा होता, कुथा.

"केस न्या हवे तर, बिशप महाराज. पण खालचं डोकं जागच्या जागी राहू द्या."

"माझा शब्द आहे," तू म्हणालास.

ऑसगिथने माझी बाही ओढली आणि कुजबुजली, "माताजी, त्यांना शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवायला सांगा की." मी तिला गप्प केलं. आपल्याकडे गाय हरवलेल्या गुराख्यालाही आपलं म्हणणं खरं करायला भाऊबंद गोळा करून शपथा घ्यायला लावतात. पण बिशपाला शपथ नसते. त्याचा नुसता शब्द कायद्याला पुरतो. तुला शपथ घे म्हणणं म्हणजे तुझा अपमान, आणि माझ्याच मठात माझ्या भावाचा अपमान मला कसा चालला असता?

तू स्वतः वस्तरा चालवलास. बाल्ड्रेड दगडावरून उठला, बाहेर गेला. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आत त्याला परत आणलं, ओढ्याच्या उतारावरून, फळीवर घालून. मी आणि ऑसगिथने त्याला धुतलं. गळ्यावरची जखम मला बघवली. बघवला नाही तो टाळूवरचा लहानसा ओरखडा, तुझ्या वस्तऱ्याचा. त्यावरचं रक्त अजून सुकलं नव्हतं.

तरीही मी तुझ्यासाठी सबबी शोधत राहिले. तुला फसवलं असेल, तू घोड्यावर पुढे असशील. मग बातमी आली की तू राजसभेत उभा राहिलास आणि म्हणालास, मठाचं अभय हद्दीच्या क्रूसापर्यंत, ओढा क्रूसाच्या पलीकडे, म्हणून अभय मोडलेलं नाही. आणि ईस्टरला त्याच हातांनी तू राजाच्या कपाळाला अभिषेकाचं तेल लावलंस.

तू निरोपात लिहितोस, दोन राजे म्हणजे दोन सैन्यं, एक माणूस गेला म्हणून हजारो घरं वाचली. असेलही खरं. जळलेली गावं मीही पाहिली आहेत. पण मग शब्द कशाला दिलास? स्वारांना आत पाठवायचं होतंस. त्यांनी दगडावरून ओढून नेलं असतं तर त्याला निदान कळलं असतं की आपल्याला मारायला नेताहेत. तू त्याला हसत बाहेर काढलंस. खाटीकसुद्धा एवढं गोड बोलत नाही रे.

परवा राजाचा माणूस आला. भला माणूस, दाढी पिकलेला. विचारलं, सणाच्या दिवशी बाई बिशपांबरोबर गुमान बाहेर येईल ना? मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, "शपथ कशाला माताजी, मठमातेचा शब्द पुरे आहे." आणि नमस्कार करून गेला.

कुथा, तो निघाला तेव्हाही विनफ्लेड इथेच होती. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मीठ घेऊन आलेल्या गलबतातून मी तिला फ्रँकांच्या देशात पाठवलं. सोबत ऑसगिथ आहे, तिने अनेक बाळंतपणं केली आहेत. वारा चांगला आहे, हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्या पलीकडच्या किनाऱ्याला लागलेल्या असतील. मी मठमातेची काठी खाली ठेवली आहे. खोटा शब्द माझा होता, मठाचा नव्हता, हे मी सगळ्या भगिनींसमोर बोलले आहे. शिक्षा व्हायची ती माझी एकटीची होऊ दे. क्षमा मागायला हे पत्र नाही आणि तुला क्षमा करायलाही नाही, तेवढं बळ अजून माझ्यात आलेलं नाही. राजा तुला भर सभेत विचारील, बिशप, बाई कुठे गेली, कुणी फसवलं आपल्याला? तेव्हा मला वाचवायला जाऊ नकोस. काही हद्द, काही क्रूस शोधू नकोस. उभा राहा आणि सांग की माझी बहीण फ्रिथगिथ राजाशी खोटं बोलली. म्हणजे त्या दालनात तुझ्या तोंडून एक तरी खरी गोष्ट निघेल.

तुझीच,
ताई